आधी किडीचं पोट ओळखा

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या कोरड्या, वाळवंटी माळावर रानतंबाखू उगवते. तिच्या पानांत निकोटिन असतं आणि बहुतेक किडे तिच्यापासून चार हात लांब राहतात. एक जाडजूड हिरवा सुरवंट मात्र ती पानं खुशाल खातो. मागच्या टोकाला शिंगासारखा काटा असलेल्या या सुरवंटाचं शास्त्रीय नाव मंडुका सेक्स्टा. पोटात गेलेलं बहुतेक निकोटिन तो बाहेर टाकून देतो, एवढं माहीत होतं. निकोटिन खाल्लं की त्याच्या आतड्यातलं एक जनुक जोरात कामाला लागतं, हेही दिसलं होतं. ते कामाला लागून करतं काय, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

जर्मनीत येना इथल्या माक्स प्लांक संस्थेत पवन कुमार, सागर पंडित (हे पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले), इयान बाल्डविन आणि त्यांचे सहकारी यांनी हे कोडं सोडवायला एक वेगळीच वाट धरली. त्यांनी रानतंबाखूच्या झाडातच अशी सोय केली, की त्याच्या पानांत आरएनए या रेणूचा एक ठरावीक तुकडा तयार व्हावा. तो तुकडा सुरवंटाच्या त्या एका जनुकाशी जुळणारा होता. झाडाला त्याचा काही उपयोग नव्हता. सुरवंटाने पानं खाल्ली आणि त्याच्या आतड्यातलं ते जनुक गप्प झालं. ही झाडं मग युटाच्या माळावर लावली. रात्री लांडगा-कोळी शिकारीला निघाले तेव्हा फरक समोर आला. जनुक गप्प झालेले सुरवंट कोळ्यांना स्पष्टपणे जास्त पसंत पडत होते.

कारण मोठं मजेदार निघालं. हे जनुक खाल्लेल्या निकोटिनातला अगदी थोडा वाटा, जेमतेम ०.६५ टक्के, आतड्यातून रक्तात पोहोचवतं. रक्तातून तो सुरवंटाच्या अंगावरच्या श्वासरंध्रांवाटे बाहेर पडतो. म्हणजे सुरवंट निकोटिनचा उच्छ्वास टाकतो आणि त्या वासाने कोळी मागे फिरतो. जनुक गप्प झालं, वास मंदावला, आणि कोळ्याची मेजवानी झाली. त्याच माळावरच्या मुंगीसिंहाला आणि मोठ्या डोळ्यांच्या शिकारी ढेकणांना मात्र त्या वासाचं काहीच वाटत नव्हतं. त्यांना दोन्ही सुरवंट सारखेच.

२०१४ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग कीड मारण्यासाठी केलेला नव्हता. तरी या प्रकरणाचा सगळा विषय त्यात आहे. सुरवंटाला कोणतंही विष दिलेलं नव्हतं. त्याच्या जनुकांत काही फेरफार केलेला नव्हता. हजारो जनुकांपैकी फक्त एकाचं काम मंदावलं होतं, तेही जेवणातून. हेच जर एखाद्या पिकावरच्या किडीच्या अशा जनुकाशी केलं, ज्याच्यावाचून ती जगूच शकत नाही, तर? गेली जवळपास वीस वर्षं पीकसंरक्षणातली काही हुशार माणसं या ‘तर’च्या मागे आहेत. त्यांना काही ठिकाणी यश आलं आहे, काही ठिकाणी त्यांनी डोकं आपटून घेतलं आहे. फरक कुठे पडला तर किडीच्या पोटात.

जनुक गप्प करणं म्हणजे काय, हे समजायला सातबाऱ्याचं उदाहरण पुरे. मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात राहते. बँकेत, सोसायटीत, कोर्टात फिरतो तो तिचा उतारा. पेशीतही मूळ मजकूर डीएनएमध्ये असतो आणि तो केंद्रकाबाहेर येत नाही. बाहेर येतो तो आरएनएच्या रूपातला उतारा, आणि तो वाचून पेशी प्रथिन तयार करते. उतारे निघतील तसे फाडत राहिलं, तर दप्तरातली नोंद जशीच्या तशी असूनही काम अडतं.

हे उतारे फाडायची यंत्रणा पेशीत मुळातच आहे, आपण ती फक्त वापरून घेतो. नेहमीचा उतारा एकपदरी आरएनएचा असतो. पेशीला दुपदरी आरएनए, म्हणजे दोन जुळणारे पदर एकमेकांना चिकटलेला रेणू दिसला की ती सावध होते, कारण कितीतरी विषाणू पेशीत शिरून वाढताना असाच आरएनए तयार करतात. मग डायसर नावाचं एक प्रथिन तो दुपदरी धागा धरतं आणि त्याचे साधारण २१ अक्षरांचे बारीक तुकडे करतं. प्रत्येक तुकड्यातला एक पदर आर्गोनॉट नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या हाती पडतो. ते त्या पदराशी जुळणारे उतारे शोधत राहतं आणि जुळला की कापतं. विषाणूसाठी रचलेल्या या सापळ्यात आपण किडीच्याच एखाद्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए टाकला, तर पेशी आपल्याच उताऱ्यांवर तुटून पडते.

हा शोध लागला तो किडींचा विचार करताना नव्हे. १९९० साली कॅलिफोर्नियात कॅरोलिन नापोली आणि रिचर्ड जोर्गेन्सन पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग आणखी गडद करायला निघाले होते. रंग बनवणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत त्यांनी झाडात घातली. फुलं आली ती पांढरी, नाहीतर पांढऱ्या पट्ट्यांची. घातलेल्या जनुकाबरोबर झाडाचं स्वतःचं जनुकही गप्प झालं होतं. १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीवर प्रयोग करून दाखवून दिलं, की हे सगळं दुपदरी आरएनएचं काम आहे. एकेक पदर वेगवेगळा टोचला तर फारसं काही होत नाही; दोन्ही जोडून टोचले की जनुक बंद पडतं. आठच वर्षांत, २००६ साली, दोघांना नोबेल मिळालं. नोबेलच्या मानाने हे भलतंच झटपट झालं.

शेतीच्या दृष्टीने मात्र १९९८ सालचंच दुसरं एक निरीक्षण जास्त मोलाचं आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. फायर यांनी लिसा टिमन्स यांच्यासोबत दुपदरी आरएनए तयार करणारे जिवाणू या सूत्रकृमींना नुसते खायला घातले. सुई नाही, टोचणं नाही. तरी जनुक गप्प झालं. शेतातल्या लाखो अळ्यांना कोण टोचत बसणार? खाऊ घालता येत असेल तरच पुढची वाट होती, आणि ती आहे हे तेव्हा कळलं.

ती वाट कीटकांपर्यंत पोहोचायला २००७ साल उजाडलं. त्या वर्षी ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकाच वेळी आले. पहिला शांघायमधल्या गटाचा, कापसाच्या बोंडअळीवरचा. कापसाच्या झाडात गॉसिपॉल नावाचं कडवट विष असतं; पानांवर आणि सरकीत दिसणाऱ्या बारीक काळसर ठिपक्यांत ते साठलेलं असतं. बोंडअळी एका जनुकाच्या मदतीने ते पचवते. त्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए बनवणारी पानं खाल्लेल्या अळ्यांची वाढ गॉसिपॉल पोटात गेल्यावर खुंटली. म्हणजे झाडाचं जुनं हत्यार अळीने बोथट केलं होतं, त्याला पुन्हा धार आली. कल्पना म्हणून मला आजही हीच सगळ्यांत देखणी वाटते. पण अळ्या खुरटल्या, सरसकट मेल्या नाहीत, आणि शेतकऱ्याला खुरटलेली अळी बघून समाधान होत नाही.

दुसरा निबंध मोन्सँटो आणि डेव्हजेन या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांचा होता, मक्याची मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवरचा. त्यांनी या किडीची २९० जनुकं एकेक करून तपासली. कोणत्या जनुकाचा आरएनए खाऊ घातला की अळी मरते, हे बघितलं. अगदी थोड्या मात्रेत काम करणारी १४ निघाली. बाजारात पोहोचलं ते या किडीवरचंच तंत्र, म्हणून तिच्याकडे जरा थांबून बघू.

अमेरिकेच्या मका पट्ट्यात या भुंगेऱ्याला ‘अब्ज डॉलरचा किडा’ म्हणतात. नुकसान आणि बंदोबस्ताचा वर्षाचा खर्च तेवढा होतो म्हणून. मादी उन्हाळ्याच्या अखेरीला मक्याच्या शेतात जमिनीत अंडी घालते. अंडी हिवाळाभर तशीच राहतात. पुढच्या हंगामात अळ्या बाहेर पडतात आणि कोवळी मुळं कुरतडतात. वरून पीक हिरवंगार दिसत असतं आणि एका वादळी पावसात सगळा मका आडवा होतो. उपाय साधा होता: मक्यानंतर त्या रानात सोयाबीन घ्यायचं. अळीला मका मिळत नाही, ती उपाशी मरते. पुष्कळ वर्षं हे चाललं. मग इलिनॉय राज्याच्या पूर्वभागात असे भुंगेरे दिसू लागले, ज्यांच्या माद्या सोयाबीनच्या शेतात अंडी घालत होत्या. पुढच्या वर्षी तिथे मका येणार, हे जणू त्यांना ठाऊक झालं होतं. फेरपालटावरच तोड काढणारी कीड ती हीच. २००३ साली तिच्यासाठी बीटी मका, म्हणजे किडीला मारणारं जिवाणूचं प्रथिन स्वतःच बनवणारा मका आला. २००९ साली आयोवातल्या शेतांतून गोळा केलेले भुंगेरे तो पचवणारे निघाले आणि दोन वर्षांनी ती बातमी प्रसिद्ध झाली.

अशा किडीपुढे आरएनए आणला गेला तो एकटा नाही. बीटीच्या प्रथिनांच्या जोडीला या भुंगेऱ्याच्या ‘स्नफ-७’ नावाच्या जनुकाशी जुळणारा २४० अक्षरांचा दुपदरी आरएनए मक्याच्या मुळांतच तयार होईल, असं वाण बांधलं. हे जनुक पेशीतल्या प्रथिनांची वर्गवारी करून त्यांना योग्य जागी धाडण्याच्या कामात असतं. ते बंद पडलं की आतड्याच्या पेशींत कचरा साठत जातो आणि अळी काही दिवसांत मरते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१७ साली या मक्याला मंजुरी दिली. चीनसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाची आयात परवानगी मिळेपर्यंत बियाणं थांबलं आणि २०२२ च्या हंगामात ते शेतकऱ्यांच्या हाती आलं. पहिल्या निबंधापासून बाजारापर्यंत पंधरा वर्षं. हे तंत्र ‘उद्या’ येणार असं कुणी सांगितलं की हा आकडा आठवावा.

आता पोटाकडे वळू. भुंगेरेवर्गीय किडी आरएनएला सहज बळी पडतात. त्यांच्या आतड्यात दुपदरी आरएनए बऱ्यापैकी टिकतो, पेशी तो आत घेतात, डायसर त्याचे तुकडे करतं आणि परिणाम सगळ्या शरीरभर पसरतो. तुकडा मात्र पुरेसा लांब हवा, साठेक अक्षरांच्या वर. २१ अक्षरांचे तयार तुकडे खाऊ घातले तर मुळं खाणाऱ्या या अळीला काहीही होत नाही. आणखी एक अडचण सगळ्याच किडींत आहे. झाडात आणि सूत्रकृमीत अशा तुकड्यांवरून आणखी तुकडे तयार करून घेणारं यंत्र असतं, कीटकांत ते नसतं. म्हणून एकदा चाखून भागत नाही. किडीने खात राहायला हवं.

पतंगांच्या अळ्यांचं, म्हणजे बोंडअळी, लष्करी अळी, वांग्यातली शेंडा व फळ पोखरणारी अळी या सगळ्या मंडळींचं पोट निराळं. त्यांच्या आतड्यातला रस चांगलाच अल्कधर्मी असतो आणि त्यात आरएनए तोडणारी विकरं भरपूर असतात. त्यातलं एक तर फक्त याच वर्गाच्या किडींत सापडलेलं आहे. इतक्यातून वाचून आरएनए पेशीत शिरलाच, तरी तो पेशीतल्या बारीक पिशव्यांत अडकून पडतो. डायसरपर्यंत पोहोचतच नाही. २०११ साली जगभरच्या संशोधकांनी पतंगवर्गीय किडींवरच्या दीडशेहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा चित्र अगदीच विस्कळीत निघालं: एका जनुकावर यश, दुसऱ्यावर अपयश, एका प्रयोगशाळेत जमलेलं दुसरीत जमेना. मग युटाचा सुरवंट? तोही पतंगाचाच. पण तिथे आतड्यातलंच एक जनुक मंद करायचं होतं आणि उरलेलं काम कोळी करणार होता. शेतात अळी मरायला हवी असेल तर तेवढ्याने भागत नाही.

रस शोषणाऱ्या किडींची तिसरीच तऱ्हा. मावा, पांढरी माशी पान चावत नाहीत. सोंड खुपसून आतला रस ओढतात. पानावर पडलेला फवारा त्यांच्या तोंडी लागतच नाही. आरएनए पानात मुरून रसात उतरायला हवा. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत पांढऱ्या माशीच्या जनुकाशी जुळणारा आरएनए तंबाखूच्या झाडातच तयार करून बघितला आणि माश्या मेल्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात नीना मित्तर यांच्या गटाने दुसरी वाट काढली. त्यांनी आरएनए चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांना चिकटवला. पानावर तो हळूहळू सुटत राहतो आणि लगेच धुऊन जात नाही. विषाणूंविरुद्ध अशा एका फवारणीचा परिणाम वीसेक दिवस टिकल्याचं त्यांनी २०१७ साली दाखवलं आणि पुढे पांढऱ्या माशीवरही हेच तंत्र वापरलं.

झाडात आरएनए तयार करण्यातही एक मेख आहे, आणि ती बटाट्यावर उलगडली. झाडाच्या पेशीतही डायसर असतं. ते आपला लांब दुपदरी आरएनए आधीच कापून टाकतं आणि किडीच्या तोंडी पडतात ते निरुपयोगी बारके तुकडे. जर्मनीत पोट्सडामजवळ राल्फ बोक यांच्या गटाने विचार केला, की पेशीतली डायसर नसलेली जागा कोणती? हरितलवक. पानाला हिरवेपण देणाऱ्या या घटकाला स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि त्यात ही कापाकापीची यंत्रणा नसते. बटाट्याच्या हरितलवकांत आरएनए बनवला तर तो अखंड साठत राहिला, आणि ती पानं खाणाऱ्या कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या अळ्या पाच दिवसांत झाडून सगळ्या मेल्या. हे २०१५ सालचं काम.

हा कोलोरॅडो भुंगेरा पिवळट अंगावर दहा काळ्या पट्ट्यांचा, दिसायला देखणा. मूळचा रॉकी पर्वतांच्या आसपासच्या काटेरी रानझुडपांवरचा. १८५९ च्या सुमारास तो बटाट्यावर आला आणि त्यानंतर माणसाने त्याच्यावर जे जे म्हणून मारलं ते पचवत गेला. पन्नासहून अधिक कीटकनाशकांना तो दाद देत नाही. सुदैवाने तो भारतात नाही. जगातलं किडीवर फवारायचं पहिलं आरएनए औषध याच भुंगेऱ्यासाठी निघालं. त्यातल्या घटकाचं नाव लेडप्रोना. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०२३ मध्ये, तीन वर्षांच्या मुदतीची नोंदणी मिळाली. पेशीतली खराब प्रथिनं मोडीत काढणारी जी व्यवस्था असते, तिच्यातल्या एका भागाचं जनुक ते बंद करतं. अळी खाणं सोडते आणि काही दिवसांनी मरते. पीक जनुकीय बदल केलेलं नाही, त्यामुळे त्याभोवतीचा वादही टळतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी असा आरएनए एक ग्रॅम बनवायला हजारो डॉलर पडत; आता पेशीविना, मोठ्या टाक्यांत तो बनवतात आणि ग्रॅमला डॉलरच्या आत पडतो, असं हे औषध बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं आहे.

‘अळी काही दिवसांनी मरते’ या वाक्यावर आपल्याकडचा शेतकरी अडखळेल. त्याला सकाळी फवारलं की संध्याकाळी सरीत पडलेल्या अळ्या दिसायला हव्यात. आरएनएचं तसं नाही. नवे उतारे फाटले तरी पेशीत आधी तयार झालेलं प्रथिन संपेपर्यंत किडीचं बरं चाललेलं असतं.

सुरक्षिततेबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच टोकाचं बोललं जातं. आपण खातो त्या प्रत्येक भाजीत, भाकरीत, मटणात आरएनए असतोच आणि जठरात तो मोडतो. मातीतही उघडा आरएनए फार टिकत नाही; मक्यातल्या त्या आरएनएचा नव्वद टक्के भाग प्रयोगात दीड-दोन दिवसांत नाहीसा झाला. शिवाय तो काम करतो अक्षरं जुळली तरच, त्यामुळे मधमाशी, ढालकिडा यांना वाचवता येतं. या मक्यातला आरएनए भुंगेऱ्यांच्या एका लहानशा गटाबाहेर परिणाम करत नाही, हे तपासलेलं आहे. रासायनिक फवारणीशी तुलना केली तर हे फार मोठं पाऊल आहे, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, हे ज्यांना आठवतं त्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे सगळे दिलासे उघड्या आरएनएबद्दलचे आहेत. तो टिकावा, आतड्यातून सुखरूप पार व्हावा म्हणून त्याला मातीचं, चरबीचं किंवा प्लास्टिकसारख्या रेणूंचं कवच घातलं, तर ‘दोन दिवसांत नाहीसा होतो’ हे वाक्य त्या कवचबंद मालाला आपोआप लागू होत नाही. प्रत्येक कवचाची तपासणी स्वतंत्र व्हायला हवी.

आणि कीड काही स्वस्थ बसत नाही. आरएनए मका बाजारात यायच्या आधीच, २०१८ साली, प्रयोगशाळेत त्याला दाद न देणारे मूळकुरतडे भुंगेरे तयार झाल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांनी केलं काय? स्नफ-७ जनुकातली अक्षरं बदलली नाहीत. आतड्याच्या पेशींनी आरएनए आत घेणंच बंद केलं. म्हणजे आता कुठल्याही जनुकाचा आरएनए द्या, तो बाहेरच राहणार. २०२१ साली कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या बाबतीत तर नऊ वेळा निवड केल्यावर प्रतिकार ११,००० पटींहून वर गेला. ‘एक जनुक चालेनासं झालं तर दुसरं घेऊ, जनुकं काय हजारो आहेत’ असं या तंत्राचे चाहते म्हणत. या दोन प्रयोगांनी त्यातली हवा काढून घेतली. त्यातल्या त्यात बरी बातमी अशी, की आरएनएला दाद न देणारे ते मक्याचे भुंगेरे बीटीच्या प्रथिनाला मात्र नेहमीसारखे बळी पडत होते. म्हणून हे हत्यार एकटं वापरू नये, हे पहिल्या दिवसापासून पाळायचं पथ्य आहे.

हे पथ्य आपण कसं पाळतो, ते कपाशीने दाखवलेलं आहे. महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरवर कपाशी असते आणि तिच्यावरची आजची मुख्य डोकेदुखी म्हणजे गुलाबी बोंडअळी. २००२ साली बीटी आलं, २००६ साली दोन जनुकांचं बीटी आलं, आणि दहा वर्षांत या अळीने दोन्ही पचवली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पुड्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं, शेताच्या कडेला लावण्यासाठी. तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगून प्रतिकार पातळ करतील, हा हेतू. ती छोटी पुडी किती बांधांवर फेकली गेली, हे गावोगावी सगळ्यांना माहीत आहे. त्यात आपल्याकडचं बीटी जवळपास सगळं संकरित. एकाच बोंडातल्या काही सरक्यांत बीटीचं प्रथिन येतं, काहींत येत नाही, आणि अळीला आयतं अर्धंमुर्धं विष चाखत सवय करून घ्यायला मिळतं. वर फरदड. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली की अळीचा मुक्काम वाढतो.

मग या अळीवर आरएनए चालेल का? ती पतंगाची अळी, म्हणजे पोट नाठाळ. अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात कळीत किंवा बोंडात शिरते, मागचं भोक बुजतं आणि ती आत बसून सरकी खाते. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल, ज्याला आपण डोमकळी म्हणतो, उघडून बघितलं तरच ती दिसते. तिच्यापर्यंत फवारा पोहोचत नाही, मग तो रसायनाचा असो की आरएनएचा. उरतं ते आरएनए तयार करणारं कपाशीचं वाण, आणि तेही असं की ज्याच्या सरकीत आरएनए भरपूर असेल. ते जनुकीय बदल केलेलं पीक ठरेल आणि केंद्राच्या मंजुरी समितीकडे जाईल. २००२ नंतर आपल्याकडे कपाशीखेरीज असं एकही पीक शेतकऱ्याच्या शेतापर्यंत रीतसर पोहोचलेलं नाही. २०१० पासून बीटी वांगं थांबलेलं आहे आणि जनुकीय बदल केलेली मोहरी कोर्टात आहे.

दरम्यान हीच गुलाबी बोंडअळी अमेरिकेने आपल्या कापसातून हद्दपार केली. तिथल्या कृषी खात्याने २०१८ साली तसं जाहीर केलं. त्यासाठी जनुक गप्प करायची गरज पडली नाही. बीटी कपाशी, विमानातून सोडलेले नापीक पतंग, कामगंध, हंगाम संपल्यावर पऱ्हाटीचा नायनाट, आणि हे सगळं अख्ख्या पट्ट्यात एकाच वेळी. आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत यातल्या बहुतेक गोष्टी आहेतच: कामगंध सापळे लावा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, फरदड घेऊ नका. त्या एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाहीत, शिवारभर व्हाव्या लागतात, अडतं तिथेच.

माझं मत विचाराल तर भारतात या तंत्राची पहिली कसोटी बोंडअळीवर लावू नये. भुंगेरेवर्गीय किडी आपल्याकडेही आहेत: वांग्यावरचा ठिपक्याठिपक्यांचा हड्डा, भोपळावर्गीय वेलींवरचा तांबडा भुंगेरा, मुळं फस्त करणारी हुमणी. ज्यांचं पोट साथ देतं त्यांच्यापासून सुरुवात करावी. एक व्यापारी अडचण मात्र राहणारच. आरएनएचं औषध एका किडीचं असतं, फार तर तिच्या जवळच्या भाऊबंदांचं. निसर्गाच्या दृष्टीने तो त्याचा सगळ्यांत मोठा गुण, आणि विक्रीच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा दोष. एका पंपात तीन औषधं मिसळून पाच किडी मारायची सवय लागलेल्या बाजारात ते खपवणं सोपं नाही.

म्हणूनच, पुढे कधी कृषी सेवा केंद्रात कुणी ‘आरएनएचं नवीन औषध, सगळ्या अळ्यांवर चालतं’ म्हणत बाटली पुढे केली, तर दोन गोष्टी विचारा. लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक कुठे आहे, आणि हे नेमक्या कोणत्या किडीचं आहे. दुसऱ्या प्रश्नाला ‘सगळ्याच’ असं उत्तर आलं, तर बाटली तिथेच ठेवून या.